साडेशेहेचाळीस मिलिमीटर

२३ ऑगस्ट २०१८ रोजी निकॉननं झेड हे लेन्स जोडण्याचं नवं माउंट जाहीर केलं. दोन आठवडे उलटायच्या आत, ५ सप्टेंबरला, कॅननचं आरएफ माउंट आलं. त्याच महिन्यात लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एल माउंटसाठी एकत्र येत असल्याचं सांगितलं. सोनीचे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे तर २०१३ पासूनच बाजारात होते. लग्नाचे फोटो काढणारे, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार, ताडोब्याला जाणारे हौशी लोक, अशा असंख्य माणसांच्या बॅगेतल्या लेन्सेस त्या एका हंगामात ‘जुन्या माउंटच्या’ ठरल्या. त्यांच्या काचा होत्या तशाच होत्या. आदल्या दिवशी जितका नेटका फोटो त्या काढत होत्या, तितकाच दुसऱ्या दिवशीही काढत होत्या. बदलली होती ती त्यांच्या पुढची वाट.

तेव्हापासून कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न आहे. हातातल्या लेन्सेस सांभाळाव्यात, सेकंडहँड बाजारात स्वस्त झालेल्या आणखी घ्याव्यात, की सगळं विकून नव्या माउंटवर जावं? या प्रकरणात मी मुख्यतः निकॉनचं उदाहरण घेणार आहे. निकॉनचं एफ माउंट १९५९ साली आलं आणि त्यावर बसणारे डिजिटल कॅमेरे २०२० पर्यंत नव्यानं येत राहिले. साठ वर्षांत लेन्सच्या आत जे जे बदललं, ते सगळं या एकाच माउंटमध्ये थरांसारखं साचलेलं आहे. ते उलगडलं की इतर कंपन्यांचं गणितही आपोआप कळतं.

सुरुवात एका अंतरापासून करायला हवी. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते त्या धातूच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉन एफचं हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. ते इतकं मोठं आहे कारण मध्ये आरसा आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो, आणि बटण दाबताच आरसा वर उडतो. त्या उडण्याला जागा लागते. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच काढून टाकल्यामुळे निकॉन झेडचं फ्लँज अंतर १६ मिलिमीटरवर आलं, कॅनन आरएफचं २० वर, सोनी ई माउंटचं १८ वर.

यातून जो नियम निघतो तो लेन्स घेणाऱ्यानं पाठच करून ठेवावा. मोठ्या अंतराची लेन्स कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर बसवता येते, कारण उरलेलं अंतर एका पोकळ नळीनं भरून काढता येतं. ती नळी म्हणजेच ॲडॉप्टर. उलट दिशेनं हे जमत नाही. झेडची लेन्स डी७५० सारख्या एफ माउंटच्या कॅमेऱ्यावर बसवायची म्हटली तर ती कॅमेऱ्याच्या पोटात तीस मिलिमीटर आत ढकलावी लागेल, आणि तिथे आरसा आहे. म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याकडे जाऊ शकते, नवी लेन्स जुन्याकडे परत येत नाही. दोन्ही कॅमेरे वापरत राहणार असाल, तर दोघांनाही चालणारी लेन्स जुन्या माउंटचीच असणार.

निकॉन एफच्या बाबतीत या नियमाचा एक सुंदर परिणाम झाला. ४६.५ हा आकडा पस्तीस मिलिमीटर एसएलआरच्या जगात जवळजवळ सगळ्यांपेक्षा मोठा आहे. पेंटॅक्सचं के माउंट आणि जुनं एम४२ स्क्रू माउंट, दोन्हींचं अंतर ४५.४६. कॅनन ईएफचं ४४, त्याआधीच्या कॅनन एफडीचं ४२. त्यामुळे निकॉनच्या कॅमेऱ्यावर परक्या लेन्सेस फारशा बसत नाहीत. एम४२ ची लेन्स बसवली तरी अनंतावर फोकस होत नाही. पण निकॉनची लेन्स जवळजवळ कुठेही जाऊ शकते, कॅननच्या डीएसएलआरवरसुद्धा. ॲपर्चरची रिंग असलेली निकॉन एफची लेन्स ही म्हणूनच सगळ्यात निर्धास्तपणे विकत घेण्यासारखी जुनी लेन्स आहे. तुमचा कॅमेरा उद्या कुठल्या कंपनीचा असेल याची तिला फिकीर नाही.

आता हाच नियम न जमल्यानं काय होतं ते पाहू. १९७६ चा एई-१ हा कॅननचा कॅमेरा प्रचंड खपला होता, आणि त्याच्यावर एफडी लेन्सेस बसत. १९८७ च्या मार्चमध्ये कॅननने ईओएस ६५० आणला आणि त्याबरोबर ईएफ हे पूर्ण नवं माउंट. एफडीचं अंतर ४२, ईएफचं ४४. दोन मिलिमीटर चुकीच्या दिशेला. मध्ये भिंग घातलेल्या ॲडॉप्टरशिवाय जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर नीट चालणारच नव्हती, आणि भिंग घातलं की दर्जा उतरतो. ज्यांनी वर्षानुवर्षं एफडी लेन्सेस जमवल्या होत्या, त्यांचा त्या वेळचा संताप मला पूर्ण समजू शकतो.

कॅननने हे कशासाठी केलं? ईएफ माउंटमध्ये लेन्स आणि कॅमेरा यांच्यात एकही दांडी किंवा खटका ठेवलेला नव्हता. फोकसची मोटर लेन्सच्या आत, ॲपर्चर उघडमिट करणारी यंत्रणाही लेन्सच्या आत, आणि दोघांमधला सगळा संवाद विजेच्या संपर्कबिंदूंमधून. निकॉननं वर्षभर आधीच, एफ-५०१ कॅमेऱ्यात, उलटा मार्ग धरला होता. माउंट तेच ठेवलं, मोटर कॅमेऱ्यात बसवली आणि लेन्स फिरवायला माउंटमधून पेचकसासारखी एक छोटी दांडी बाहेर काढली. निकॉनच्या ग्राहकांना तेव्हा दिलासा मिळाला आणि कॅननच्या ग्राहकांना धक्का. एकतीस वर्षांनी, २०१८ साली, दोघांचे वाटे बदलले. ईएफची कुठलीही लेन्स, अगदी १९८७ ची, साध्या ॲडॉप्टरनं आरएफ कॅमेऱ्यावर लावली की ऑटोफोकससकट चालते, कारण तिला लागणारं सगळं तिच्यातच आहे आणि हवे आहेत ते फक्त विजेचे संदेश. निकॉननं झेडसाठी काढलेल्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये मात्र ती फिरणारी दांडीही नाही आणि ती फिरवणारी मोटरही नाही. म्हणून दांडीवर चालणाऱ्या एएफ आणि एएफ-डी लेन्सेस झेड कॅमेऱ्यावर हातानंच फोकस कराव्या लागतात.

जुन्या-नव्याचा निवाडा लेन्सच्या वयावरून करू नये असं मी म्हणतो ते यामुळेच. लेन्सच्या बाबतीत दोन गोष्टी विचाराव्यात: फोकसचं भिंग कोण हलवतं आणि ॲपर्चर कोण मिटतं? तिचं तिलाच करता येत असेल किंवा आपल्या बोटांनी करता येत असेल, तर ती लेन्स टिकते आणि प्रवास करते. कॅमेऱ्यातल्या एखाद्या खास यांत्रिक भागाची तिला गरज असेल, तर तो भाग गेला की ती अर्धी होते.

निकॉनच्या लेन्सेस या नजरेनं पाहा. १९७७ नंतरच्या एआय लेन्सेस पूर्णपणे हाताच्या. फोकसची रिंग, ॲपर्चरची रिंग, आत वीज नाही. झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड लावून त्या बसवल्या, मेनूत फोकल लेंग्थ आणि ॲपर्चरची माहिती भरली, की ज्या कॅमेऱ्यात सेन्सर हलवून थरथर कमी करणारी यंत्रणा आहे, तिथे ती त्यांच्यासाठीही काम करते. म्हणजे १९७७ सालच्या लेन्सला २०१८ मध्ये स्थिरीकरण मिळालं. १९७७ पूर्वीच्या, एआय न केलेल्या लेन्सेस मात्र तपासल्याशिवाय लावू नयेत. काही कॅमेऱ्यांवर त्यांच्या रिंगच्या कडेनं माउंटवरची नाजूक कळ मोडते. त्यानंतर एएफ आणि एएफ-डी, म्हणजे दांडीवाल्या. नंतर एएफ-एस, मोटर लेन्सच्या आत; यांना झेडवर ऑटोफोकस पूर्ण मिळतो. पण जी प्रकारच्या लेन्सेसमध्ये ॲपर्चरची रिंगच काढून टाकली, त्यामुळे त्या परक्या कॅमेऱ्यावर न्यायच्या तर ॲपर्चरचा खटका हलवू शकणारा ॲडॉप्टर लागतो. शेवटी ई प्रकार, ज्यात ॲपर्चर विजेवर चालतं. साध्या पोकळ ॲडॉप्टरवर अशी लेन्स कायम उघडीच राहते. वर्ष जितकं अलीकडचं, तितकी लेन्स आपल्याच घराण्यात उत्तम आणि परक्या ठिकाणी लंगडी, असा हा क्रम आहे.

भारतात हे दांडीचं प्रकरण अनेकांना झेडच्या कितीतरी आधी कळलं होतं. २००६ च्या डी४० पासून निकॉननं स्वस्त कॅमेऱ्यांतली मोटर काढून टाकली. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांतही ती नाही, डी७००० मालिकेत आहे. पहिली लेन्स म्हणून स्वस्तातली ५० मिमी एफ/१.८डी घ्यायची आणि घरी आल्यावर ती फोकस करत नाही म्हणून दुकानात परत जायचं, हा अनुभव असंख्य विद्यार्थ्यांनी घेतला आहे. लेन्समध्ये दोष नव्हता आणि कॅमेऱ्यातही नव्हता.

आता नव्या लेन्सच्या बाजूनं बोलायला हवं, कारण त्यांच्यात खरोखर दम आहे आणि जुन्याच्या प्रेमापोटी तो नाकारणं बरोबर नाही. आरशाला जागा सोडण्याचा सर्वांत मोठा भुर्दंड वाइड अँगल लेन्सला पडत होता. २० मिमीच्या लेन्सचं मागचं भिंग खरं तर सेन्सरच्या अगदी जवळ बसायला हवं, पण मध्ये आरसा. त्यावर तोडगा निघाला तो १९५० साली, फ्रान्समधल्या आंजेन्यू कंपनीच्या ३५ मिमी एफ/२.५ लेन्समध्ये. पुढे मोठं अंतर्गोल भिंग ठेवायचं आणि प्रतिमा मुद्दाम मागे ढकलायची. त्या लेन्सला त्यांनी रेट्रोफोकस असं नाव दिलं आणि पुढे साऱ्या एसएलआर वाइड लेन्सेस त्याच रचनेच्या झाल्या. ही युक्ती चालते, पण त्यासाठी पुढचं भिंग फुगवावं लागतं, कडा सरळ करायला आणखी भिंगं घालावी लागतात आणि वजन वाढतं.

निकॉनची २००७ ची एएफ-एस १४-२४ मिमी एफ/२.८ ही तिच्या काळातली थोर लेन्स. वजन सुमारे एक किलो, पुढचं भिंग कांद्यासारखं फुगलेलं, त्यामुळे साधा फिल्टर लावण्याची सोय नाही. २०२० ची झेड १४-२४ मिमी एफ/२.८ भरते ६५० ग्रॅम, आणि बरोबर मिळणाऱ्या हुडवर ११२ मिमीचा फिल्टर बसतो. एकतृतीयांश वजन गेलं आणि कोपरे सुधारले. माउंटचा व्यास ४४ वरून ५५ मिलिमीटर झाला, मागची भिंगं मोठी करता आली, ती सेन्सरजवळ नेता आली, त्याचं हे फळ आहे. देवळांची आतली दृश्यं, लेणी, आकाशगंगा, अरुंद गल्ल्या असं काम करणाऱ्यानं वाइड लेन्स नव्या माउंटचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेलिफोटोत मात्र हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. तिथे शेवटचं भिंग मुळातच सेन्सरपासून दूर असतं, आरसा असला काय नि नसला काय. २०१६ ची एफ माउंटवरची ७०-२०० मिमी एफ/२.८ई आणि झेडची ७०-२०० मिमी एफ/२.८, दोघींचं वजन सुमारे १.४ किलो. नवीचे गुण आहेत, पण ते पाठीवर जाणवत नाहीत. म्हणून लग्न किंवा नाटकाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे ती जुनी ७०-२०० असेल, तर १३५ ग्रॅमचा एफटीझेड लावून ती वापरत राहणं यात तोट्याचं काही नाही.

किंबहुना तिचा फोकस नव्या कॅमेऱ्यावर अधिक अचूक होतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली. तो आणि मुख्य सेन्सर यांच्यात केसभर फरक पडला तर फोकस डोळ्याऐवजी कानावर जातो, आणि मग प्रत्येक लेन्ससाठी मेनूत जाऊन बारीक दुरुस्ती भरत बसावी लागते. मिररलेसमध्ये चित्र घेणारा सेन्सरच फोकसही मोजतो. ती जुनी तक्रार मुळातूनच संपते. शिवाय डोळा ओळखण्याची सोय कॅमेऱ्यात आहे, लेन्समध्ये नाही, त्यामुळे जुन्या एएफ-एस लेन्सलाही ती मिळते. कॅमेरा आधी बदला, लेन्सेस सावकाश, हा सल्ला मी देतो तो याच कारणानं.

ताडोब्याचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. विदर्भातल्या जंगलांत जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांची २०१५ सालची २००-५०० मिमी एफ/५.६ई ही आवडती लेन्स आहे. ट्रायपॉडच्या पट्ट्यासकट ती २.३ किलो भरते. झेडसाठी २०२३ मध्ये आलेली १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ भरते २.१४ किलो. वजन सारखंच. फरक हातात घेतल्यावर कळतो. जुनी लेन्स झूम करताना लांब होते, तिची रिंग बरीच फिरवावी लागते आणि तिचा तोल पुढे सरकतो. नवी आतल्या आत झूम करते, लांबी तीच राहते, आणि मनगटाच्या थोड्या फिरकीत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. जिप्सीच्या दांडीवर बीनबॅग ठेवून बसलेल्या माणसाच्या समोर वाघ झुडपातून अचानक रस्त्यावर येतो तेव्हा हा गुण फार मोलाचा आहे. उलट, पहाटेच्या अंधुक प्रकाशात ५०० मिमीला जुनीचं ॲपर्चर एफ/५.६ आहे, आणि ६०० मिमीला नवीचं एफ/६.३. वर्षातून एखाद्या सफारीला जाणाऱ्यानं सेकंडहँड २००-५०० घेऊन उरलेले पैसे आणखी एका सफारीवर खर्च करावेत. जो दर पंधरवड्याला जंगलात असतो, त्यानं नवी घ्यावी.

५० मिमीची गोष्ट आणखी निराळी. एएफ-डी ५० मिमी एफ/१.८ मध्ये सहा भिंगं आहेत. एएफ-एस एफ/१.८जी मध्ये सात, वजन १८५ ग्रॅम. झेड ५० मिमी एफ/१.८एस मध्ये बारा भिंगं आणि वजन ४१५ ग्रॅम. इथे नवी लेन्स दुपटीहून जड झाली, आणि त्या बदल्यात पूर्ण उघड्या ॲपर्चरवरही कोपऱ्यापर्यंत रेखीव प्रतिमा मिळाली. आजच्या चार-साडेचार कोटी पिक्सेलच्या सेन्सरला ती रेखीवता पुरून उरते. घरातल्या माणसांचे, सणावाराचे फोटो काढायला मात्र सहा-सात भिंगांच्या जुन्या रचनेत काही कमी नाही, आणि ती खिशात मावते.

नव्या लेन्सेसबद्दल एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. आता काही दोष काचेनं न सुधारता संगणकीय दुरुस्तीवर सोडले जातात. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ अवघी १६५ ग्रॅमची आणि स्वस्त आहे, पण तिची मूळ प्रतिमा कडेला ठळकपणे फुगलेली असते. कॅमेरा ती ताणून सरळ करतो. मला यात फसवणूक दिसत नाही. या वजनात आणि या किमतीत १६ मिमी देण्याचा दुसरा मार्ग नव्हता. फक्त ताणलेल्या कोपऱ्यात बारकावा कमी होतो हे ठाऊक असावं, आणि अशी लेन्स दुरुस्तीची माहिती देणाऱ्या कॅमेऱ्याशी बांधलेली आहे हेही.

‘नवं’ म्हणजे टिकाऊ, असंही समजू नये. २०१२ मध्ये कॅननने ईओएस एम कॅमेऱ्याबरोबर ईएफ-एम हे लहान मिररलेस माउंट आणलं, फ्लँज अंतर १८ मिलिमीटर. सहा वर्षांनी त्याच कंपनीनं आरएफ आणलं, २० मिलिमीटरचं. पुन्हा दोन मिलिमीटर, पुन्हा चुकीच्या दिशेला. ईएफ-एम लेन्सेस आरएफवर येऊ शकत नाहीत, आणि ती मालिका २०२३ मध्ये बंद झाली. निकॉन १ मालिका २०११ ला सुरू होऊन २०१८ ला संपली. सॅमसंगचं एनएक्स तर त्याहून लवकर गेलं. या सगळ्यांपेक्षा १९५९ चं माउंट कितीतरी जास्त जगलं. एखादं नवं माउंट घेताना मी दोन गोष्टी बघतो: कंपनीचे सगळ्यात महागडे कॅमेरे त्याच माउंटवर आहेत का, आणि इतर लेन्स-निर्मात्यांना तिथे यायची मुभा आहे का. सोनीनं २०११ मध्येच ई माउंटची मूलभूत माहिती इतरांना खुली केली, म्हणून आज त्या माउंटवर सिग्मा, टॅमरॉन आणि चिनी कंपन्यांच्या परवडणाऱ्या लेन्सेसची रेलचेल आहे. कॅननने आरएफवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सेसना वाट दिली ती २०२४ मध्ये, आणि सुरुवातीला फक्त लहान एपीएस-सी सेन्सरसाठीच्या. थोड्या पैशात संच उभारायचा असेल तर हा फरक किमतीच्या पाटीवर लगेच दिसतो.

पूर्णपणे हातानं चालणाऱ्या लेन्सेसकडे परत येऊ, कारण मिररलेसमुळे त्यांना दुसरा जन्म मिळाला आहे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून एफ/१.४ ची लेन्स हातानं अचूक फोकस करणं अवघड होतं. व्ह्यूफाइंडरमधले फोकसचे पडदे ऑटोफोकससाठी उजळ केलेले होते. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा दहापट मोठी करून पापणीचा केस पाहता येतो, आणि फोकसमध्ये आलेल्या कडा रंगानं उजळवण्याची सोय असते. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेली हेलिओस ४४ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स झाइसच्या बायोटार लेन्सवर बेतलेली. तिच्या पार्श्वभूमीतली पानं विषयाभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. हा खरं तर दोष, पण व्यक्तिचित्रात तो अनेकांना हवासा वाटतो. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या काही आवृत्त्यांत थोरियम असलेली काच वापरली होती. काळानं ती पिवळी पडते, आणि अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की बरीचशी निवळते. अशा लेन्सेस रेखीवपणासाठी घेऊ नयेत, त्या बाबतीत नव्या ५० मिमीपुढे त्या टिकणार नाहीत. समोरून सूर्य आला तर जुन्या लेपांची काच प्रतिमा धुवट करते. पळणाऱ्या मुलाचा फोटो त्यांनी काढायला जाऊ नये. स्थिर विषय, सावकाश काम, रिंगचा तो लोण्यासारखा फेर आवडणारा हात, असं असेल तर घ्याव्यात.

एक अपवाद जरूर लक्षात ठेवावा. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सेस अंतराच्या हिशेबानं मिररलेसवर बसतात, पण त्यांचा प्रकाश सेन्सरच्या कडांवर फार तिरपा पडतो आणि सेन्सरवरच्या काचेतून जाताना कोपरे फासटतात किंवा रंग बदलतात. फिल्मवर हा प्रश्न नव्हता. लायकानं स्वतःच्या डिजिटल कॅमेऱ्यांत ही काच मुद्दाम पातळ ठेवली आहे. इतर कॅमेऱ्यांवर अशा २१ किंवा २८ मिमी लेन्सवर पैसे घालण्याआधी एखादा फोटो काढून पाहावाच.

खरेदीच्या जागेविषयी. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात आजही जुन्या लेन्सेस हातात घेऊन पाहता येतात आणि हातात घेतल्याशिवाय जुनी लेन्स घेऊ नये. कोकणपट्टी, मुंबई आणि गोवा इथल्या पावसाळ्यात लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू बुरशी आहे. काचेवरची धूळ आणि ओलावा यांच्यावर ती वाढते आणि तिच्यातून सुटणारी आम्लं काचेवरचा लेप खातात. पुसून बुरशी जाते, खाल्लेला लेप परत येत नाही. लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलची बॅटरी लावा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स खाली ठेवा, किंमत कितीही मोहाची असो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढलं आहे का, ती झटकन मिटतात का, फोकसची रिंग सगळीकडे सारखी फिरते का, हे पाहा. धुळीचे चार कण किंवा पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. त्यावर घासाघीस करून भाव मात्र उतरवून घ्या. घरी आणल्यावर चामड्याच्या डब्यात कोंडू नका. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखणारं ड्राय कॅबिनेट घ्या, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि नियमित तापवून सुकवलेली सिलिका जेल.

विजेवर चालणाऱ्या जुन्या लेन्सेसना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. पूर्ण हाताच्या लेन्समध्ये बिघडण्यासारखं ग्रीस आणि पाती एवढंच असतं, आणि ते दुरुस्त करणारा कारागीर सापडतो. वीस-पंचवीस वर्षांच्या ऑटोफोकस लेन्सची मोटर गेली तर भाग मिळेलच असं नाही. कंपन्या ते कायम साठवून ठेवत नाहीत. अशी लेन्स घेताना ती कॅमेऱ्याला लावून जवळून दूर आणि दुरून जवळ अनेकदा फोकस करून पाहा, आवाज ऐका, चीं-चीं येत असेल तर ठेवून द्या. माझ्या मते जुन्या बाजारात सगळ्यात जास्त धोका याच मधल्या पिढीत आहे. १९८० ची लेन्स तिच्यापेक्षा भरवशाची आणि २०१५ ची तर आहेच.

राहता राहिले ते लोक, ज्यांच्या कपाटात तीन-चार चांगल्या एएफ-डी लेन्सेस आहेत: १०५ मिमी मायक्रो, ८५ मिमी एफ/१.८, ८०-२०० मिमी. त्यांना झेडकडे ढकलण्यात अर्थ नाही, कारण एफटीझेडवर त्यांच्या लेन्सेसचा ऑटोफोकस जाईल आणि विकायला काढल्या तर भाव नगण्य येईल. त्यांच्यासाठी योग्य जागा म्हणजे मोटर असलेला एफ माउंटचा कॅमेरा. सेकंडहँड डी७५० आता आवाक्यात आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये आलेला डी७८० त्याहून सरस: त्याच्यात लेन्स फिरवणारी ती दांडी आहे, आणि आरसा वर करून मागच्या पडद्यावर पाहिलं तर मोटरवाल्या एएफ-एस लेन्सेससाठी मिररलेससारखा सेन्सरवरचा ऑटोफोकसही आहे. मायक्रो लेन्सनं फुलं आणि कीटक टिपणाऱ्याला तसाही फोकस हातानंच करायचा असतो. तेवढी एक लेन्स उद्या झेडवर गेली तरी तिचं काही बिघडणार नाही.